चौदा फोन, एक नाव

दर बुधवारी सकाळी दहा वाजता नाशिकच्या विभागीय आपत्कालीन केंद्रात एक चाचणी होई. पाळीवरच्या एका अधिकाऱ्याने बाहेर व्हरांड्यात जायचं, स्वतःच्या खाजगी मोबाइलवरून आपत्कालीन क्रमांक लावायचा आणि ठरलेलं वाक्य म्हणायचं: "जिन्यात पाय घसरलाय, उठता येत नाही." आतल्याने घड्याळ लावून बसायचं. दहा सेकंदांत फोन उचलला गेला की रजिस्टरवर सही करायची आणि चहा प्यायला मोकळं व्हायचं.

त्या बुधवारी पाळी शर्वरी ढवळेची होती. पाळीप्रमुख, वय एक्केचाळीस, नोकरी सतरा वर्षं, स्वभाव घाईचा. ती व्हरांड्यात चार मिनिटं चाळीस सेकंद उभी राहिली. तेवढ्या वेळात एका गोड आवाजाच्या ध्वनिमुद्रित बाईने तिला तीन वेळा सांगितलं की मदत तिच्यापर्यंत पोहोचत आहे. व्हरांड्यात झाडणाऱ्या मावशींनी विचारलं, "मॅडम, खरंच पडलात का?"

ती आत आली तेव्हा तांत्रिक विभागाचे कुलथे चष्मा पुसत हसत होते.

"मॅडम, वाईट वाटून घेऊ नका. पण तुमची पत शून्य पूर्णांक अकरा शतांश आहे."

"माझी?"

"बाजार समितीमागचा तो बेवडा आहे ना, रोज संध्याकाळी आपला खून झाल्याचं कळवतो? त्याची चौदा आहे."

आता ही पत म्हणजे काय, ते सांगायला हवं.

साधा फोन लावला की तो जवळच्या टॉवरवर जातो, तिथून एक्सचेंजमध्ये. एक्सचेंज आकडे वाचतं आणि याला कुठे न्यायचं ते ठरवतं. वाट मोकळी नसेल तर लावणाऱ्याला 'सर्व मार्ग व्यस्त आहेत' एवढं ऐकवून वाटेला लावतं. आपत्कालीन क्रमांकाची गोष्ट वेगळी. ते आकडे दिसले की एक्सचेंज बाकीचं सगळं बाजूला सारतं. वाट नसेल तर दुसऱ्या कुणाचं चाललेलं बोलणं तोडून वाट करतं, फोन कुठल्या टॉवरखालून आला त्याची चिठ्ठी त्याला जोडतं आणि जवळच्या केंद्राकडे धाडतं. ही रचना शर्वरीच्या जन्माआधीची आणि मोठी हुशार. तिने एकच गोष्ट गृहीत धरली होती, की संकटात फोन माणूस लावतो.

पुढे माणूस सोडून बाकी सगळेच फोन लावायला लागले. मनगटावरची घड्याळं, गाड्या, गॅसचे रेग्युलेटर, विहिरीवरच्या मोटरी. म्हाताऱ्यांच्या गळ्यातली लॉकेटं तर देवपूजेला वाकलं तरी 'पडले, पडले' म्हणून ओरडत. नाशिकच्या केंद्रात दिवसाला नऊ हजार फोन यायचे, ते एक लाखावर गेले आणि शंभरातले अठ्ठ्याऐंशी पोकळ निघाले. उचलणारी माणसं तेवढीच. मग रांग लावणं आलं, आणि रांग लावायला यंत्र आलं.

यंत्र तीन गोष्टी बघे. बोलणाऱ्याचा श्वास आणि शब्दांमधल्या खाचा. त्याच टॉवरखालून, त्याच जागेहून आणखी कुणी फोन लावतंय का. आणि तिसरी गोष्ट, या माणसाचे आधीचे किती फोन खरे निघाले. कागदोपत्री हिचं नाव 'विश्वासांक', पण केंद्रातले सगळे तिला पत म्हणत. पत जोडलेली होती फोन ज्याच्या कागदपत्रांवर घेतला त्या माणसाच्या नावाला. तो हातात कुणाच्या आहे, याच्याशी यंत्राला देणंघेणं नव्हतं. लोक सिमकार्डं बदलतात, नाव बदलत नाहीत, असा विचार दिल्लीतल्या कुणीतरी केला होता. विचार चांगला होता, फक्त करणाऱ्याला संगमनेरचे भालचंद्र ढवळे माहीत नव्हते.

"नाव काय लागलंय बघा तरी," शर्वरी म्हणाली, पण तिला उत्तर कळून चुकलं होतं.

कुलथ्यांनी वाचलं, "भालचंद्र गणपत ढवळे. एकूण जोडण्या चौदा. सहा वर्षांत आपत्कालीन फोन तीनशे अकरा. खरे नऊ." त्यांनी वर पाहिलं. "कोण हे?"

"वडील," शर्वरी म्हणाली आणि चहा न पिताच जागेवर जाऊन बसली.

अप्पा ढवळे एसटीत वाहतूक नियंत्रक होते. संगमनेरच्या स्थानकात तेहतीस वर्षं खिडकीआड बसून त्यांनी गाड्या सोडल्या होत्या. कुठली गाडी आधी, कुठली मागे, कुठल्या फलाटावर, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. निवृत्त झाल्यावर सोडायला गाड्या उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी सिमकार्डं घ्यायला सुरुवात केली. मोबाइलवाल्या पोराची ओळख होती, त्यांची कागदपत्रं नेहमी लॅमिनेट करून पिशवीत तयार असत, आणि घरातल्या कुणालाही फोन हवा म्हटलं की अप्पा म्हणत, "तू कशाला रांगेत उभी राहतेस? माझ्या नावावर घेतो." शर्वरीचा फोन कॉलेजपासूनचा, तसाच घेतलेला. भावाचा म्हणजे मंदारचा, जो बोटीवर असतो. वहिनीचा. भाच्यांचे. भांडी घासणाऱ्या इंदूबाईंचा. गल्लीतल्या गणेश मंडळाचा. आणि मळ्यातल्या मोटरच्या स्टार्टरमध्ये बसवलेलं सिम, ते चौदावं. वीज गेली की ते स्टार्टर स्वतः होऊन आपत्कालीन क्रमांक लावी. तीनशे अकरातले चाळीस फोन त्याचेच होते, आणि अप्पांच्या मते तेवढेच काय ते निष्काळजीपणाचे.

रविवारी सुट्टी होती. शर्वरी साडेअकराला संगमनेरला पोचली. अप्पा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. रेवती वहिनी शेंगा सोलत होती. मंदार वर्षातले आठ महिने समुद्रावर, म्हणून अप्पांचं सगळं रेवतीच बघे. दोन वर्षांपूर्वी अप्पांच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली, तेव्हा डॉक्टरांनी तिलाच बाजूला घेऊन सांगितलं होतं, पुन्हा दुखलं तर पहिला अर्धा तास महत्त्वाचा.

"अप्पा," शर्वरीने चप्पल काढता काढता सुरुवात केली, "पाण्याची टाकी वाहतेय म्हणून आपत्कालीन फोन लावतं का कुणी?"

"कुणाची टाकी?"

"मला काय माहीत कुणाची! तुम्ही लावलाय. मार्चमध्ये चार वेळा."

"देशमुखांची," अप्पा शांतपणे म्हणाले. "प्यायचं पाणी गटारात चाललं होतं. पाणी वाया जाणं ही आपत्ती नाही? मग आपत्ती कशाला म्हणतात तुमच्या खात्यात?"

"आणि बँडवाले?"

"कानठळ्या बसत होत्या."

"आणि स्टँडवरचा बैल?"

"तो मारका होता. विचार रेवतीला."

रेवतीने शेंगांवरून मान वर केली नाही. "मारका नव्हता, अप्पा. म्हातारा होता. तुमच्याच दारात चारा खायचा."

शर्वरीने मग त्यांच्याच भाषेत सांगायचं ठरवलं. "असं समजा, अप्पा, तुमच्या स्थानकात एक ड्रायव्हर आहे. रोज येतो आणि सांगतो, ब्रेक लागत नाही. तुम्ही दहा वेळा गाडी उभी करून तपासता. ब्रेक चांगला. अकराव्या वेळी तो आला तर तुम्ही त्याला आधी घ्याल, का ज्याने वर्षात एकदाही तक्रार केली नाही त्याला?"

"दुसऱ्याला."

"झालं तर. तुम्ही तो पहिला ड्रायव्हर आहात. आणि तुमच्या नावावर आम्ही चौदा जण त्याच गाडीत बसलोय. उद्या तुमच्या छातीत दुखलं आणि वहिनीने फोन लावला तर तो रांगेच्या शेवटी जाणार. ती घाबरून रडली तरी तिथेच राहणार. कारण तो तिचा फोन नाही, तुमचा आहे."

रेवतीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "म्हणजे किती वेळ?"

"परवा मला पावणेपाच मिनिटं लागली. गर्दी नसताना."

अप्पा रेवतीच्या हातातल्या शेंगेकडे बघत राहिले. शर्वरीला वाटलं, पटलं. तिने पर्समधून अर्ज काढले. "नावं बदलून घेऊ. प्रत्येकाचा फोन ज्याच्या त्याच्या नावावर. त्यांची पत नव्याने मधोमध सुरू होईल. तुम्ही फक्त चौदा वेळा अंगठा लावायचा, दुकानात येऊन."

"नाही," अप्पा म्हणाले.

"का नाही?"

"मंदार बोटीवर. तू नाशिकला. पोरं पुण्याला. इंदूबाईच्या फोनचा आकडासुद्धा मला पाठ आहे. बिल भरायची आठवण मी करतो, बंद पडला तर दुकानात मी जातो. ते सगळे उतरवून दिले, म्हणजे मी काय करायचं? शेंगा सोलायच्या?"

"सोलल्यात तर बरंच होईल," रेवती म्हणाली.

"आणि दुसरं. नाव खराब झालंय ना माझं? मग मी ते चांगलं करीन. नऊ खरे आहेत म्हणतेस. आणखी किती लागतील?"

शर्वरीने चुकून हिशेब सांगितला. एका खऱ्या फोनने पत साधारण तीन शतांशाने वर येते. पुढचे दोन महिने तिला या एका वाक्याचा रोज पश्चात्ताप झाला.

कारण अप्पा खरी संकटं शोधायला निघाले.

पुणे–नाशिक महामार्गावर, गावाबाहेर, चिंचमळा फाटा आहे. वळण वाईट, उतार त्याहून वाईट. तिथे मच्छिंद्रचं चहाचं हॉटेल. अप्पांनी रोज सकाळी नऊ ते एक तिथे बसायला सुरुवात केली. समोर चहा, खिशात दोन्ही फोन, मांडीवर वही. नियंत्रकाच्या खिडकीत बसत तसेच बसत. आठवडाभरात मच्छिंद्रचं गिऱ्हाईक त्यांना रामराम घालू लागलं आणि ट्रकवाले त्यांना विचारून पुढे जाऊ लागले.

शर्वरीचा फोन रोज दुपारी वाजे.

"आज काहीच नाही, शरू. लोक फार जपून चालवायला लागलेत."

"अप्पा, हे चांगलं आहे ना?"

"चांगलंच आहे. मी कुठे वाईट म्हणतोय? आपलं सांगितलं."

एक दिवस उत्साहात होते. "आज एक लागला! मोटरसायकलवाला चक्कर येऊन पडला. लगेच फोन केला."

"मग?"

"मग काय, फोन लागेपर्यंत मच्छिंद्रने त्याला साखरपाणी पाजलं. उठून बसला. मी म्हटलं, बाबा, पाच मिनिटं झोपून राहा, गाडी येतेय. ऐकेना. निघून गेला बेशरम."

त्या दिवशी पत अकरावरून दहावर उतरली. कुलथ्यांनी आकडा एका चिठ्ठीवर लिहून शर्वरीच्या डब्याखाली सरकवला. संध्याकाळी रेवतीचा फोन आला.

"शर्वरीताई, तुम्ही त्यांना समजावता, का मी मच्छिंद्रच्या हॉटेलला कुलूप लावू? परवा शेजारच्या काकूंना दम लागला, तर यांनी आनंदाने विचारलं, 'जास्त आहे का?' काकूंनी आमच्याकडे येणं सोडलंय."

"मी किती वेळा सांगायचं, वहिनी? कंटाळा आला मला. वडील आहेत म्हणून, नाहीतर—"

"आणि मी रात्री त्यांचा श्वास मोजत झोपते, ते कुणाला सांगू? माझा फोन कुणी उचलणार नाही, हे तुम्हीच सांगून गेलात."

तिचं एवढं मोठं केंद्र, आणि वहिनीसाठी तिला तिथे एक कळसुद्धा दाबता येत नव्हती. नियम होता की कुणाचीही पत हाताने बदलायची नाही. तो नियम करणाऱ्या समितीत तीही होती. एकाला वर घेतलं की दुसरा कुणीतरी खाली जातो, आणि खाली गेलेल्याचं नाव आपल्याला माहीत नसतं, असं तिनेच बैठकीत ठासून सांगितलं होतं. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून सहा मिनिटांनी तीन तालुक्यांतली वीज एकदम गेली. मोठं काही नव्हतं, उपकेंद्रात बिघाड झाला होता. पण विहिरीविहिरीवरच्या मोटरींनी एका आवाजात बोंब ठोकली. केंद्राच्या पडद्यावर रांग सातशेवर गेली. यंत्राला मोटरी ओळखता येत होत्या, त्याने त्या तळाला ढकलल्या. उचलणाऱ्यांनी माणसं वेचायला सुरुवात केली. शर्वरी मागे उभी राहून पडदा बघत होती.

अकरा वाजून अकरा मिनिटांनी तिला तळात एक नाव दिसलं. क्रमांक चारशे एकोणीस. वरती निमोणची मोटर, खालती साकूरची मोटर, आणि मध्ये भालचंद्र गणपत ढवळे.

"आता काय झालं?" ती दातओठ खात पुटपुटली. "कुणाला उचकी लागली?"

तिने नाव तसंच राहू दिलं. पुढचा फोन बघितला, त्याच्या पुढचा बघितला. पंचवटीत एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या, सिन्नरला एक म्हातारा लिफ्टमध्ये अडकला होता. दोन मिनिटांनी तिची नजर पुन्हा तळाशी गेली. अप्पांनी फोन ठेवला नव्हता. ते ठेवत नसतच, रांगेतला नंबर सोडणं त्यांना पाप वाटे. पण नावापुढे यंत्राने श्वासाचा आलेख काढला होता, आणि त्या आलेखात धाप होती.

तिने कानाला हेडफोन लावला. थांबलेल्या फोनचा आवाज अधिकाऱ्याला ऐकता येतो, बोलता मात्र येत नाही. ध्वनिमुद्रित बाई मदत पोहोचत असल्याचं सांगत होती आणि तिच्यामागे अप्पांचा आवाज होता, फोनपासून लांब, कुणाशी तरी बोलताना.

"बाजूला व्हा. त्याला हलवू नका. पाय खाली अडकलाय, ओढू नका म्हणतो ना! फडकं बांधा, वर, आणखी वर. रक्त थांबेना का?"

दुसरा कुणी म्हणाला, "दवाखान्याच्या गाडीला लावा कुणीतरी."

आणि चार-पाच आवाज एकदम आले, "अप्पांनी लावलाय. अप्पा लावतायत ना, झालं तर."

शर्वरीने वरती घेण्याची लाल कळ दाबली. पडद्यावर पाटी आली: 'हितसंबंध. अधिकारी व फोनधारक यांचं नाव एकच.' तिचाही फोन त्याच नावावर होता. यंत्राच्या लेखी ती स्वतःच भालचंद्र ढवळे होती.

"कुलथे, चारशे एकोणीस वर घ्या. खरा आहे."

कुलथ्यांनी नाव पाहिलं आणि त्यांचा चेहरा ओशाळला. "मॅडम, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण त्यांच्यावर कसा ठेवू? गेल्या महिन्यात त्यांनी चक्कर आलेला माणूस कळवला होता, आपण गाडी पाठवली, तिथे माणूसच नव्हता. आत्ता संगमनेरात एकच गाडी मोकळी आहे. वरती घुलेवाडीची छातीत दुखणारी बाई थांबलीय."

"मी ऐकलंय. पाय अडकलाय कुणाचा तरी."

"मग त्याच जागेहून दुसरा एक फोन येऊ दे. एक! मी त्या क्षणी उचलतो, बाईसाठी दुसरीकडून मागवतो."

दुसरा फोन येणार नव्हता. शर्वरीला ते लख्ख दिसलं. तिथे वीस-तीस माणसं उभी होती, प्रत्येकाच्या खिशात फोन होता, आणि वडीलधारं माणूस लावतंय म्हटल्यावर मध्ये तोंड घालायचं नाही, एवढी रीत प्रत्येकाला होती. अप्पांच्या हातातून फोन काढून घेणारा त्या फाट्यावर कुणी जन्मला नव्हता.

ती जागा सोडून धावली. पाळीवर असताना खुर्ची सोडली की खुलासा मागतात, पण ते नंतरचं. खाजगी फोन बाहेरच्या कपाटात असत. किल्ली लागेना, मग लागली. तिने अप्पांच्या दुसऱ्या फोनवर लावला. तीन रिंगा झाल्या.

"शरू, आत्ता नको. मी दुसऱ्या फोनवर रांगेत आहे. टोमॅटोची पिकअप उलटलीय, ड्रायव्हरचा पाय—"

"अप्पा, तो फोन ठेवा."

"अगं, आता लागेल. सात मिनिटं झाली. ठेवला तर नंबर जाईल."

"नाही लागणार. तुमच्यापुढे चारशे आहेत. तुमचा लागणारच नाही, अप्पा."

"मी खरं सांगतोय, शरू."

"मला माहीत आहे."

"मग त्यांना सांग ना. तू तिथेच आहेस."

"मीही तुमच्याच नावावर आहे. माझंही धरत नाहीत. तिथे माणसं किती आहेत? त्यांना लावायला सांगा. सगळ्यांना. तुम्ही सोडून सगळ्यांना."

मागे कुणीतरी कण्हत होतं.

मग अप्पांनी फोन कानापासून दूर केला असावा, कारण पुढचं जे आलं त्याने शर्वरीने स्वतःचा फोन दूर धरला. तेहतीस वर्षं कर्ण्याशिवाय सात फलाटांवर पोचलेला आवाज होता तो. "सगळ्यांनी इकडे लक्ष द्या! माझा फोन लागत नाही! माझं कुणी ऐकत नाही! ज्याच्याजवळ फोन आहे त्याने स्वतःचा काढायचा आणि लावायचा! मच्छिंद्र, लाव! ए पांढरा सदरा, बघत काय उभा राहतोस? लाव! ताई, तुम्हीपण!"

शर्वरी आत येईपर्यंत पडद्यावर चिंचमळा फाट्यावरून सहा फोन आले होते. यंत्राने त्यांची एक मोळी बांधली आणि ती थेट माथ्यावर नेऊन ठेवली. कुलथ्यांनी तिच्याकडे न बघता कळ दाबली. अकरा वाजून एकवीस मिनिटांनी गाडी निघाली. बाईसाठी तळेगावहून दुसरी मागवली.

पिकअपचा ड्रायव्हर अकोल्याकडचा होता, गोरख नावाचा, अठ्ठावीस वर्षांचा. वाचला. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. दहा मिनिटं आधी गाडी पोचली असती तर पाय राहिला असता का, हे शर्वरीने डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, असं ते म्हणाले. त्या दहा मिनिटांतली दोन तिची स्वतःची होती, उचकीची. ती तिने कुणाला सांगितली नाहीत, खुलाशातही लिहिली नाहीत.

यंत्राने आपलं काम चोख केलं. फोन लावणाऱ्या सहा जणांची पत तीन-तीन शतांशाने वाढली. भालचंद्र ढवळे यांचा फोन 'लावणाऱ्याने मध्येच सोडला' या रकान्यात गेला आणि त्यांची पत दहाची नऊ झाली. कुलथ्यांनी या वेळी चिठ्ठी सरकवली नाही. ते स्वतः येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हा नियम बदलायला हवा, मॅडम." शर्वरी म्हणाली, "लिहून द्या." त्यांनी लिहून दिलं. त्याला पोच आली.

अप्पा दोनदा दवाखान्यात जाऊन गोरखजवळ बसून आले. काय बोलले ते कळलं नाही. दुसऱ्यांदा परत आल्यावर त्यांनी लॅमिनेट केलेल्या कागदांची पिशवी रेवतीपुढे ठेवली. "शरूला बोलावून घे. अंगठे लावून टाकू."

दुकानात सगळा गोतावळा जमला. पुण्याहून भाचे आले, गणेश मंडळाचा खजिनदार आला, इंदूबाई नवी साडी नेसून आल्या. मंदार बोटीवरून पडद्यात दिसत होता. अप्पा काउंटरशेजारी खुर्चीत बसले आणि एकेकाला नावाने पुकारून पुढे सोडू लागले. प्रत्येकाच्या आधी यंत्रावर त्यांचा अंगठा, मग त्या माणसाचा. अकरा झाले. मोटरच्या स्टार्टरचं सिम रेवतीने दुकानदारासमोर नखाने काढून मोडलं.

"अप्पा, तुमचा एक राहिला," दुकानदार म्हणाला. दुसरा अप्पांनी सकाळीच बंद करून टाकला होता. "हा तुमच्याच नावावर राहू द्यायचा ना?"

अप्पांनी शर्वरीकडे पाहिलं. त्यांच्याच नावावर ठेवला, तर छातीवर हात धरून ते स्वतः लावतील तो फोन चारशेव्या क्रमांकावर जाणार होता. एकाचा फोन दुसऱ्याच्या नावावर घेऊ नये, असं शर्वरीने गेल्या दोन महिन्यांत निदान पन्नास माणसांना सांगितलं होतं. केंद्रात भिंतीवर तशी पाटी होती. तिनेच लावलेली.

तिने अर्ज ओढला आणि नावाच्या जागी 'रेवती मंदार ढवळे' लिहिलं.

"घेते," रेवती म्हणाली. "पण अप्पा, आता माझं नाव आहे. लावायच्या आधी मला विचारायचं."

"आणि विचारायला वेळ नसला तर?"

"तेव्हा न विचारता लावा. टाकी वाहत असेल तर मात्र वेळ असतो."

अप्पांनी अंगठा टेकवला. वाद घातला नाही.

तिघं चालतच घरी निघाले. वळणावर नगरपालिकेचा पाइप फुटला होता आणि पाणी रस्त्यावरून खळाळत चाललं होतं. अप्पांचा हात खिशाकडे गेला. त्यांनी रेवतीकडे पाहिलं.

"नाही," रेवती म्हणाली.

हात खाली आला. अप्पा चार पावलं मुकाट्याने चालले. मग समोरून पिशवी घेऊन येणाऱ्या एका सज्जन माणसापुढे जाऊन उभे राहिले, अगदी मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काय हो, तुमचा फोन तुमच्याच नावावर आहे ना? मग काढा बरं जरा. तुमचं ते लोक लगेच ऐकतील."

माणसाने वडीलधारं माणूस म्हणून फोन काढला. रेवती "अप्पा!" म्हणून धावली. शर्वरी जागच्या जागी उभी राहिली. संगमनेरची लोकसंख्या साधारण एक लाख. अप्पा रोज सकाळी नऊ ते एक घराबाहेर असत. दिवसाला तीन माणसं धरली, तरी गावाची पत नऊवर यायला किती वर्षं लागतील, हे ती मनातल्या मनात मांडत होती.